मागणी प्रेक्षकाने करावी



कलांना समाजाचा आणि सरकारचा पाठिंबा कसा मिळवावा, यावर बोलावे असे संयोजकांनी सुचवले. या विषयाची सुरुवात बहुधा कलावंतांच्या हालांपासून होते. मी प्रेक्षकापासून सुरुवात करणार आहे, कारण आज मला जे सांगायचे आहे ते त्याच्याविषयीच आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, ते स्वतः कधी रंगमंचावर उभे राहिले नाहीत. गावात चांगले नाटक यायचे ठरले की तिकिटांची पुस्तके घेऊन ते पेठेत दारोदार जात आणि प्रयोगाच्या दिवशी शेवटच्या रांगेत बसत. अशा माणसांची नोंद रंगभूमीच्या इतिहासात सापडत नाही. माझ्या मते नाटक टिकवण्याच्या कामात त्यांचा वाटा नटांइतकाच मोठा आहे.

सांगली इथून फार लांब नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथे 'सीतास्वयंवर'चा खेळ केला तो संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. दर ५ नोव्हेंबरला आपण त्या प्रयोगाची आठवण काढतो. त्यापुढच्या दहा वर्षांची आठवण फारशी कोणी काढत नाही. १८५१ साली अप्पासाहेब वारले आणि दरबारचा आधार तुटला. भाव्यांना मंडळी घेऊन मुलखात हिंडावे लागले. १८५३ मध्ये ते मुंबईला गेले आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमीचा जन्म राजाच्या कृपेने झाला असेल, पण ती जगली ती पैसे मोजून आत आलेल्या अनोळखी माणसांमुळे. आपल्याकडे कलेच्या पाठिंब्याचा खरा इतिहास त्या तिकिटापासून मोजायला हवा.

राजे गेले, तरी एका माणसाच्या मर्जीवर संस्था उभी करण्याची सवय गेली नाही. भोपाळचे भारत भवन पाहा. १९८२ साली ते सुरू झाले तेव्हा देशभरात त्याचे नाव झाले. वास्तू चार्ल्स कोरियांची, चित्र-शिल्प विभागाला जे. स्वामिनाथन, रंगमंडळाला ब. व. कारंत, आणि हे सारे जमवून आणणारे अशोक वाजपेयी. मागे मुख्यमंत्री अर्जुन सिंह उभे होते. आदिवासी चित्रकारांची कामे आधुनिक चित्रांच्या शेजारी सन्मानाने लागली, हे तिथे घडले. पुढे सत्ता बदलली, माणसे बदलली आणि संस्थेचे तेज ओसरले. इमारत तलावाच्या काठी आजही आहे. भोपाळच्या नागरिकांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण जी संस्था वरून दिली जाते, तिच्यासाठी खालून कोणी भांडत नाही, एवढे त्यातून घ्यावे.

आता कोल्हापूरकडे येतो. शाहू महाराजांनी खासबागेत कुस्त्यांचे मैदान बांधले आणि त्याला लागून पॅलेस थिएटर उभारले. थिएटरचे काम १९१३ मध्ये सुरू झाले आणि १९१५ मध्ये ते खुले झाले. पैलवान आणि नट यांना एकाच आवारात जागा देणारा हा राजा होता. त्याच राज्यात अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय मिळाला. पुढे त्या थिएटरला केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. केशवराव आणि बालगंधर्व या दोन स्पर्धक मंडळ्यांच्या नायकांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले, हे आपल्याला ठाऊक आहे. नाटक त्या काळी राष्ट्रीय चळवळीला पैसा उभा करून देत होते. आज नाटकवाला मंत्रालयाच्या दारात अर्ज घेऊन उभा असतो. शंभर वर्षांत हे उलटे कसे झाले, याचा विचार झाला पाहिजे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे हे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. नट, गायक, पडद्यामागचे कामगार आणि कधी नाटकाला न गेलेली माणसेसुद्धा त्या भिंतींपुढे येऊन रडली. सरकारने निधी जाहीर केला, पुनर्बांधणीचा निर्णय झाला. लोकांचे प्रेम खरे होते, निधीही खरा होता. मला अस्वस्थ करते ते दुसरेच. महाराष्ट्रात कितीतरी नाट्यगृहे अजून उभी आहेत. त्यांचे वायरिंग केव्हा बदलले, अग्निशमनाची तपासणी केव्हा झाली, पडद्यांवर आग रोखणारा लेप आहे का, हे विचारायला कोणी जात नाही. जळालेल्या वास्तूसाठी हजारो लोक जमतात, उभ्या वास्तूच्या देखभालीसाठी दहासुद्धा जमत नाहीत. राजकारणी माणूस लोकांकडे पाहून वागतो. लोक रडले तेव्हा त्याने पैसे दिले. लोकांनी आधी विचारले असते, तर त्याने आधीही दिले असते.

आपल्याकडची बहुतेक नाट्यगृहे नगरपालिका-महापालिकांची आहेत, हे रसिकांना अनेकदा माहीत नसते. नाट्यगृह वाईट दिसले की आपण 'सरकार काही करत नाही' म्हणतो आणि घरी जातो. मुंबईतल्या सांस्कृतिक कार्य विभागाला बोल लावतो आणि ज्याच्या हातात किल्ली आहे त्या पालिकेला सोडून देतो. शिवाय खासदार-आमदार निधीतून गावोगाव 'सांस्कृतिक भवन' नावाची सभागृहे झाली आहेत. त्यांपैकी अनेकांच्या मंचाला विंगा नाहीत, रंगपट नाही, दिवे टांगायला बार नाही, नेपथ्याचा ट्रक मागच्या दाराला लागत नाही. तिथे लग्न होते, सत्कार होतो, नाटक होत नाही. आराखडा मंजूर करताना एका तरी नेपथ्यकाराला विचारले असते, तर तेवढ्याच पैशात नाट्यगृह झाले असते. तारखांचेही तेच. प्रयोगाची तारीख महिनोन्‌महिने आधी घेतलेली असते आणि ऐनवेळी मेळाव्यासाठी ती काढून घेतली जाते. निर्मात्याचे नुकसान होते, पण तिकीट काढलेला प्रेक्षक गप्प राहून पैसे परत घेतो. त्या दिवशी तिकीट काढलेल्या तीनशे माणसांनी सह्यांचे पत्र दिले, तर पुढच्या वेळी तारीख काढून घेणारा दोनदा विचार करेल.

याच्या अगदी उलटे चित्र पाहायचे असेल तर पूर्व विदर्भात जावे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात दिवाळीनंतर मंडई भरू लागते आणि तेव्हापासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात. हीच झाडीपट्टी रंगभूमी. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचे केंद्र. मंडळांची कार्यालये तिथे आहेत, गावकरी तिथे येऊन नाटक ठरवून जातात. गावातले मंडळ मांडव घालते, तिकिटे विकते. आलेल्या पैशातून नाटक मंडळीला देऊन उरलेली रक्कम देवळाला, शाळेला किंवा गावाच्या अन्य कामाला लागते. माहेरवाशिणी त्या वेळी गावी येतात, पाहुणे येतात, लग्ने जुळतात. खेळ रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटे संपतो. हजारो माणसे थंडीत घोंगडी पांघरून बसलेली असतात. शहरी समीक्षकाला तिथला अभिनय भडक वाटेल, गाणी जास्त वाटतील. त्याने तसे जरूर लिहावे. पण प्रेक्षक टिकवण्याची विद्या त्याने तिथे शिकावी. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीने या रंगभूमीची दखल घेतली. त्या मुलखाने ती केव्हाच घेतली होती.

तिथे नाटकाच्या उद्घाटनाला आमदार येतात, जिल्हा परिषदेचे सदस्य येतात, निवडणुकीला उभे राहू पाहणारे तर येतातच. त्यांना कोणी कलेचे महत्त्व पटवून दिलेले नाही. गाव तिथे आहे म्हणून ते येतात. माझे म्हणणे एवढेच आहे की राजकीय पाठिंबा प्रेक्षकाच्या मागून चालत येतो. आपण नेत्याला आधी गाठतो आणि प्रेक्षकाला नंतर. क्रम चुकतो म्हणून काम होत नाही.

मग तमाशाचे काय, असे कोणी विचारील. तमाशाला प्रेक्षक कमी होता का? मुळीच नाही. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात आणि सुपारी देऊन जातात. यात्रा आणि तमाशा हे नाते अजून तुटलेले नाही. आणि तरीही विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळूनही त्यांचा अखेरचा काळ हलाखीत गेला. २००२ मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने शासन दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देते. म्हणजे प्रेक्षक असूनही आधार मिळाला नाही. त्याचे कारण आपल्या जातिव्यवस्थेत आणि दांभिकपणात आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. ज्याने रात्री लावणीला दाद दिली, त्याने सकाळी त्या बाईसाठी ग्रामपंचायतीत शब्द टाकला नाही. तमाशावर स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ बंदी आली तीही याच मनोवृत्तीतून. ज्या प्रेक्षकाला आपल्या आवडीची लाज वाटते, तो प्रेक्षक कलेच्या बाजूने कधी उभा राहत नाही. कोरोनाच्या दोन हंगामांत यात्रा बंद राहिल्या तेव्हा फडमालकांवर कर्जे झाली. मदत मागायला तेच गेले, त्यांच्यासोबत यात्रा कमिट्या गेल्या असत्या तर आवाज कितीतरी मोठा झाला असता. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे आणि राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवसच ती मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. त्या दिवसांची यादी ठरवताना जिल्ह्यातल्या यात्रांचा विचार व्हावा, ही मागणी तमाशावाल्यांनी एकट्याने का करायची? ती गावाची मागणी आहे. तिला सरकारचा एक रुपयाही लागत नाही.

इथे मला ग्रंथालयांचा दाखला द्यायचा आहे, आणि त्यावर मी थोडा थांबणार आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये आला. आज राज्यात दहा हजारांहून अधिक ग्रंथालये अ, ब, क, ड वर्गांत मान्यता घेऊन अनुदान मिळवतात. अनुदान पुरत नाही, वाढ वर्षानुवर्षे रखडते, ग्रंथपालांचे वेतन लाजिरवाणे आहे. हे सगळे खरे. तरीही कोणताही पक्ष सत्तेवर आला तरी त्याला हे पैसे द्यावे लागतात, कारण ती कायद्याने आलेली जबाबदारी आहे. सरकार बदलले म्हणून क वर्गाचे वाचनालय बंद होत नाही. वाचनालय चालवणारे शिक्षक, वकील, दुकानदार, शेतकरी यांनी संघ केले, अधिवेशने भरवली आणि पिढ्यांनी मागणी धरून ठेवली. त्यात लेखक थोडे होते, वाचक फार होते. नाटकाला, संगीताला, चित्रकलेला, लोककलांना असा कायदा नाही. त्यांना योजना आहेत. योजना शासन निर्णयाने येते आणि शासन निर्णयाने जाते. वृद्ध कलावंतांचे मानधन पाच हजार रुपये महिना झाले, त्याचे स्वागत करतो. २०१० मध्ये आ. ह. साळुंखे यांच्या समितीने घडवलेले सांस्कृतिक धोरण आले, २०२४ मध्ये नवे धोरण मंजूर झाले. धोरणांतला मजकूर चांगला असतो. पण धोरणावर न्यायालयात दाद मागता येत नाही. महाराष्ट्राला प्रयोगकलांसाठी ग्रंथालय कायद्याच्या धर्तीचा कायदा हवा. त्यात पालिकेच्या नाट्यगृहाची किमान देखभाल, प्रयोगासाठी राखीव दिवस, तालमीच्या जागा आणि गावच्या मंडळांचे वर्गीकृत अनुदान असावे. ही मागणी आजच्या सभेपुढे मी जबाबदारीने मांडतो.

यासाठी लागणारा प्रेक्षक शाळेत तयार होतो. केरळ राज्य नोव्हेंबर १९५६ मध्ये झाले आणि जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी शाळांचा राज्य कलोत्सव सुरू केला. नव्या राज्याला पहिल्या काही महिन्यांत हे सुचले. आज तो उत्सव अनेक दिवस चालतो, जिल्हे सुवर्णचषकासाठी झुंजतात, वर्तमानपत्रे रोज पाने भरून लिहितात आणि मुख्यमंत्र्यांना तिथे हजर राहावे लागते. त्यातली मुले मोठेपणी नर्तक होतीलच असे नाही. ती डॉक्टर, कारकून, नगरसेवक, आमदार होतात, आणि कथकळी म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही. त्याच भूमीत १९३० साली कवी वळ्ळत्तोळ यांनी लॉटरीची तिकिटे विकून कलामंडलम ही कलासंस्था उभी केली होती. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा आहेत, दहावीला त्यांचे सवलतीचे गुण मिळतात. परीक्षा टिकल्या, चित्रकलेचे पूर्णवेळ शिक्षक मात्र शाळाशाळांतून दिसेनासे होत आहेत. पालकांनी गुण मागितले, शिक्षक मागितला नाही.

गोव्याचे उदाहरण जवळचे आहे. तिथे देवळाच्या उत्सवात गावच्याच माणसांनी मराठी नाटक करायची रीत अजून जिवंत आहे. कला अकादमी १९७० मध्ये आली आणि कांपालला मांडवीच्या काठी कोरियांची देखणी वास्तू पुढे उभी राहिली. तालुक्यांतून रवींद्र भवने झाली. २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना अकादमीच्या खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला, तेव्हा त्यावर विधानसभेत गदारोळ झाला आणि सरकारला उत्तरे द्यावी लागली. ज्या राज्यात घरटी एक तरी माणूस कधी ना कधी तोंडाला रंग लावतो, तिथे नाट्यगृहाचा स्लॅब हा राजकीय प्रश्न होतो.

पाठिंब्याच्या मागोमाग अंकुश येतो, ही भीती मला मान्य आहे. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाले ते राज्य नाट्य स्पर्धेसाठी. सरकारी स्पर्धेने दिलेल्या रंगमंचावरून इतके तिखट नाटक पुढे आले, ही त्या स्पर्धेची मोठीच कमाई आहे. त्याच वर्षीच्या 'सखाराम बाइंडर'ला त्याच राज्यातल्या परिनिरीक्षणाशी न्यायालयात झगडावे लागले. २०२२ मध्ये एका पुस्तकाच्या अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने आदेश काढून रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. तेव्हा साहित्य-भाषेच्या सरकारी मंडळांवरील काही सदस्यांनी राजीनामे दिले, त्यांचा मी आदर करतो. पैसा जनतेचा आहे. मंत्री त्याचा विश्वस्त आहे, मालक नाही. पण हे मंत्र्याला सांगायला कलावंत एकटा पुरत नाही, कारण त्याची पुढची तारीख आणि पुढचे अनुदान त्याच मंत्र्याच्या हाती असते. प्रेक्षकाचे काही अडत नाही. म्हणून कलेच्या स्वातंत्र्याचा खरा राखणदार प्रेक्षकच होऊ शकतो.

हा राखणदार गप्प राहिला की काय होते, ते विधान परिषदेत दिसते. तिथे राज्यपालनियुक्त बारा जागा आहेत. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतील जाणकारांसाठी घटनेने त्या ठेवल्या. ग. दि. माडगूळकर तिथे बसले, ना. धों. महानोर बसले आणि शेतीच्या, पाण्याच्या प्रश्नांवरही बोलले. आता त्या जागांवर बहुतेक पक्षांचे कार्यकर्ते येतात. सगळ्या पक्षांनी हे केले आहे. त्यावर मतदारांनी एकदाही कोणाला जाब विचारला नाही.

आता आपल्या गावाचे बोलू. पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या प्रभागातली कामे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात. आपल्या पालिकेत तशी सोय नसली तरी लेखी मागणी करायला कोणाची आडकाठी नाही. मी तीन गोष्टी सुचवतो. आपल्या नाट्यगृहाची वीज आणि अग्निशमनाची तपासणी दरवर्षी व्हावी आणि तिचा अहवाल दाराशी लावावा. नाटक, संगीत, नृत्य यांसाठी दिलेली तारीख कोणत्याही सभेसाठी काढून घेऊ नये, असा ठराव सर्वसाधारण सभेने करावा. देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावी आणि ती दुसरीकडे वळवू नये. अर्जावर सह्या नटांच्या नकोत, तुमच्या हव्यात. त्यात भाजी मंडईतले व्यापारी असावेत, बचत गटाच्या बायका असाव्यात, कॉलेजची मुले असावीत, रिक्षावाले असावेत. पालिकेचे अंदाजपत्रक मार्चअखेरीच्या आत मंजूर होते. त्या सभेच्या दिवशी प्रेक्षक कक्षात आपल्यापैकी पन्नास जण बसलेले असावेत, ही माझी तुम्हाला विनंती आहे. अर्जाचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना सही करून जावे.